प्लास्टरच्या सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंग लिक्विड घातल्याने सिमेंट कमजोर होतं का?

मापात घातलं तर नाही. यातल्या बऱ्याच रसायनांत स्टिअरेट असतं, म्हणजे साबणाचाच भाऊबंद. सिमेंट घट्ट झाल्यावर आत केसासारख्या बारीक नळ्या राहतात; त्यांच्या भिंतींना स्टिअरेटचा थर बसतो आणि पाणी शोषलं जात नाही. कमळाच्या पानावर थेंब घरंगळतो, तसंच.

गोची मापात आहे. डब्यावर बहुधा 50 किलोच्या गोणीला 200 मिली लिहिलेलं असतं; मिस्त्री मात्र अंदाजाने धार सोडतो. जास्त झालं की मालात फेसासारखी हवा अडकते, सेटिंग लांबतं आणि ताकद घटते. शिवाय भेगेतून किंवा दाबाने येणारं पाणी हे थांबवत नाही. त्यासाठी आधी भेग भरा, आणि प्लास्टरवर निदान सात दिवस पाणी मारा.