वजन उतरत नसले तरी चालण्याने प्रतिकारशक्तीला फायदा होतो का?

गुहागरच्या किनाऱ्यावर तीन महिने नेमाने चालूनही वजन जेमतेम दीड किलोने उतरले, तर प्रतिकारशक्तीला काही लाभ झाला असेल का, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय जास्त व्यायामाने प्रतिकारशक्ती घटते, हे शेजाऱ्यांचे म्हणणे कितपत खरे, हाही प्रश्न आहे. लाभ होतो, आणि वजनकाट्यावर तो दिसेलच असे नाही.

स्थूलपणात प्रतिकारशक्ती नुसती कमी होते असे म्हणणे अपुरे आहे. ती एकीकडे विनाकारण चवताळलेली राहते आणि दुसरीकडे खऱ्या कामाला कमी पडते. आतड्यांभोवतीच्या चरबीच्या पेशी फुगतात, त्यांतल्या काही मरतात आणि त्यांची विल्हेवाट लावायला मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी तेथे दाटी करतात, हे २००३ पासूनच्या संशोधनातून पुढे आले. त्याआधी १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांची चरबी स्वतःच टीएनएफ-अल्फा हे दाहकारक द्रव्य तयार करते, असे आढळले होते. चरबीतून येणाऱ्या इंटरल्यूकिन-६ या निरोप्या द्रव्यामुळे यकृत सीआरपी, म्हणजे रक्तातला दाह दाखवणारा प्रथिन-घटक, जास्त बनवते. तुमच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टात तो किंचित वाढलेला दिसतो, त्यामागे हा धुमसता दाह असू शकतो. इन्सुलिनचे काम बिघडवण्यातही त्याचा वाटा असतो. दुसरीकडे, हेपॅटायटिस-बीच्या लशीनंतर स्थूल व्यक्तींमध्ये प्रतिपिंडे तुलनेने कमी तयार होतात, आणि २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अशा रुग्णांचा आजार अधिक गंभीर झालेला दिसला.

आता चालण्याकडे येऊ. मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू बराच वेळ काम करू लागले की तेही इंटरल्यूकिन-६ सोडतात. द्रव्य तेच, पण येथे ते थोड्या वेळापुरते वाढते, टीएनएफ-अल्फाला सोबत आणत नाही आणि मागोमाग दाह शमवणारे इंटरल्यूकिन-१० वाढवते. मला या विषयात सर्वांत लक्षणीय वाटते ती २०१९ ची एक चाचणी: पोट सुटलेल्या प्रौढांनी १२ आठवडे सायकलिंगचा व्यायाम केला, तेव्हा त्यांची पोटातली चरबी घटली, पण ज्यांना इंटरल्यूकिन-६ चा परिणाम रोखणारे औषध दिले होते, त्यांची व्यायाम करूनही घटली नाही. म्हणजे स्नायूंकडून जाणारा हा निरोप महत्त्वाचा असतो. वजन फारसे न हलताही ही आतली चरबी कमी होऊ शकते, म्हणून काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा मानतात. मात्र सीआरपी ठळकपणे उतरतो तो बहुधा वजन घटल्यावरच, त्यामुळे ताटातल्या भाताकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

शेजाऱ्यांच्या म्हणण्याला आधार आहे, पण अर्धवट. कठोर व्यायामानंतर तास-दोन तास रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या संरक्षक पांढऱ्या पेशी घटतात; पूर्वी तो दुबळेपणा समजत. आता अनेक अभ्यासकांचे मत असे की त्या मरत नाहीत, तर फुफ्फुसे आणि आतड्यांसारख्या ठिकाणी पहाऱ्याला जातात. तुमच्या चालण्याला ही चिंता लागूच होत नाही.

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे पुरेत. वेग असा असावा की सोबत्याशी गजाली करता येतील, पण आरती म्हणता येणार नाही. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि पोटऱ्या लवकर भरून येतात. किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एकाच गुडघ्यावर ताण येऊ नये म्हणून जाता-येता सारखेच अंतर चाला. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पाखाडीवरून जाण्यापेक्षा पडवीत फेऱ्या मारणे बरे.

भातलावणीच्या दिवसांत चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजारापासून चालणे तुमचे रक्षण करणार नाही; चिखलात उतरणार असाल तर पायांवरच्या जखमा झाका आणि प्रतिबंधक गोळ्यांबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. ताप असेल तेव्हा व्यायाम थांबवा, आणि सीआरपीची पुढची तपासणीही सर्दी-ताप पूर्ण बरा होऊन दोन-तीन आठवडे उलटल्यावरच करा, नाहीतर तो त्या आजारामुळेच वाढलेला दिसेल.