दुधाचे दात पडणारच, मग थांबू का?
(2021 मधलं, कोरोनाच्या काळातलं प्रश्नोत्तर)

प्रश्न : डॉक्टर, आम्ही निपाणीचे. पोरगा चार वर्षांचा हाय, वरचे समोरचे दात आधी पांढरट झालते, आता तपकिरी होऊन कडेनं तुकडे पडालेत. मार्च 2020 पासून अंगणवाडी बंद, मिस्टर कागल एमआयडीसीत होते ते काम सुटलं, दिवसभर सगळी घरात, नुसती चिडचिड. पोरगं रडलं की सासूबाई बिस्कीट देतात, रात्री उठलं की मिस्टर ओरडतात म्हणून मी साखरेच्या दुधाची बाटली देते मग गप झोपतंय. झोपेत दात खातंय कराकरा, जंत झालेत म्हणतात. आधी कोल्हापूरला दाखवायचो, आता परत येताना कर्नाटकच्या हद्दीवरल्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा आरटीपीसीआर रिपोर्ट मागतात. सासूबाई म्हणतात दुधाचेच दात, पडणारच. थांबू का?
– एक आई, निपाणी

उत्तर : ताई, अजिबात थांबू नका. समोरचे दात सहा-सात वर्षांपर्यंत आणि दाढा तर दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, तोवर पोरानं चावायचं कशानं? कीड खोल गेली तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही धोका असतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरनं हे रात्रीच्या बाटलीचं काम वाटतंय. झोपेत लाळ कमी होते, गोड दूध वरच्या दातांवर साचतं, जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि दात पोखरतो. खालचे समोरचे दात बघा, बहुतेक चांगले असतील, कारण चोखताना त्यांच्यावर जीभ असते. साखरेऐवजी गूळ, काकवी घातली तरी तेच. बिस्कीट द्यायचंच तर जेवणाबरोबर द्या, दिवसभर एकेक चालू राहिलं की दाताला सावरायला वेळच मिळत नाही.

बाटली तुम्ही का देता ते मला कळतंय हो, यात तुम्हाला एकटीला बोल लावणं बरोबर नाही. काम गेलं, पैशाची ओढाताण झाली की पहिल्यांदा पोरांच्या झोपेच्या, खाण्याच्या वेळा मोडतात, ब्रश राहतो, आणि गप करायला गोड हाताशी असतंच. म्हणून हे उत्तर मिस्टरांना वाचायला द्या. रात्रीचा ब्रश त्यांनी करायचा. पोराला मांडीत पाठमोरं घ्यायचं, डोकं छातीला टेकवायचं, 1000 पीपीएम (हे प्रमाण ट्यूबवर लिहिलेलं असतं) फ्लोराइडची पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, नंतर थुंकायला लावायचं, खळखळून चूळ नको. त्यानंतर फक्त पाणी. रात्रीची बाटली मात्र एकदम तोडू नका, आधी साखर बंद, मग रोज थोडं पाणी वाढवत जा, आठ-दहा दिवसांत नुसतं पाणीच राहील. त्या दिवसांत पोरगं रात्री रडणार, तेव्हा दोघांनी आळीपाळीनं उठा, बाकी घरकाम राहिलं तर राहू दे. आणि घरात कुणी मशेरी लावत असेल तर डबी पोराच्या हाताला लागू देऊ नका, तंबाखूच आहे ती.

दात खाण्याचा जंतांशी संबंध लावू नका, या वयात बरीच मुलं खातात, घरातल्या ताणानं वाढू शकतं, बहुतेकांचं पुढं कमी होतं.

दाखवायला बेळगावला जा, त्या वाटेवर कोगनोळी नाका येत नाही, केएलईचं डेंटल कॉलेज तिथंच आहे. आधी फोन करा. एसडीएफ (सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड) नावाचं औषध ब्रशनं लावून कीड थांबवता येते, मशीन फिरवावी लागत नाही, तोंडातले तुषार उडत नाहीत, त्यामुळे कोरोनाच्या दिवसांत सोयीचं, फक्त किडलेला भाग काळा पडतो. लागू पडतं का ते डॉक्टर तपासून सांगतील. गाल सुजला, हिरडीवर पुळी आली, ताप आला किंवा दुखण्यानं रात्री जाग येत असेल तर मात्र त्याच दिवशी निघा.