गाडी बंद पडली नाही, म्हणून शाबासकी कुणाला?

(या वेळी सगळे प्रश्न महापालिकांच्या गॅरेज आणि वाहन डेपोतले आहेत. उत्तरं देणारे काका एका महापालिकेच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झालेत.)

प्रश्न : काका नमस्कार. मी एका महापालिकेच्या वाहन डेपोत ज्युनिअर इंजिनिअर आहे. कचरा दाबणारे कॉम्पॅक्टर, घंटागाड्या, टँकर, जेसीबी, गटारं साफ करायचं जेटिंग मशीन, साहेब लोकांच्या कार, सगळं धरून दीडशेच्या आसपास गाड्या आहेत. १ मेला 'उत्कृष्ट कर्मचारी' द्यायचाय. साहेब म्हणतात ॲव्हरेज काढ, ज्याची गाडी जास्त ॲव्हरेज देते त्याला देऊन टाकू, आकड्यावर कुणी बोट ठेवणार नाही. करू का तसं?

नको. बोट ठेवतील, आणि पहिला कॉम्पॅक्टरवाला ठेवेल, आणि त्याचं बरोबर असेल. कॉम्पॅक्टर कोपऱ्यावर उभा राहून कचरा दाबत असतो तेव्हा चाकं थांबलेली असतात पण इंजिन चालूच असतं, कारण मागचा हायड्रॉलिक पंप पीटीओवर म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो, त्यामुळे मीटरवर किलोमीटर शून्य आणि टाकीतलं डिझेल चाललंय. जेटिंग मशीनचं तेच, फायरच्या पंपाचं तेच. जेसीबीचा तर हिशोबच तासावर असतो, त्याला किलोमीटर विचारणं म्हणजे म्हशीला धावायच्या शर्यतीत उतरवणं. आता या सगळ्यांच्या शेजारी साहेबांची कार उभी करा, जी महिन्यातून चार वेळा हायवेने मुंबईला मीटिंगला जाऊन येते. ॲव्हरेज कुणाचं चांगलं येणार? मग १ मेला स्टेजवर साहेबांचाच ड्रायव्हर, आणि खाली बसलेले दोनशे लोक गालात हसतायत. (हे मी बघितलंय, कुठे ते सांगत नाही.)

ॲव्हरेज बघायचंच असेल तर एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या आणि साधारण सारख्या बीटवरच्या, म्हणजे ठरलेल्या फेरीवरच्या, गाड्या एकमेकींशी लावा, आणि त्याच गाडीचा मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवा. चढावरचा वॉर्ड आणि सपाटीवरचा वॉर्ड एका कागदावर आणू नका. आणि ॲव्हरेजला बक्षीस आहे असं आधी जाहीर तर अजिबात करू नका, कारण मग काय होतं सांगतो, ड्रायव्हर पीटीओ कमी वापरतो, कचरा नीट दाबलाच जात नाही, गाडी लवकर भरते, तीन खेपांच्या चार होतात, कागदावर ॲव्हरेज सुधारलेलं आणि डिझेलचं बिल वाढलेलं. ब्रेकडाउनचंही असंच आहे. 'वर्षात एकही ब्रेकडाउन नाही' याला बक्षीस ठेवलं की ब्रेकडाउन होत नाहीत असं नाही, ते रजिस्टरला चढत नाहीत एवढंच. ड्रायव्हर रस्त्यावरच्या मेकॅनिककडून काहीतरी जुगाड करून घेतो आणि गाडी रेटतो.

मी तुमच्या जागी असतो तर मी कुणाला शोधलं असतं ते सांगतो. सकाळी सहाला गाडी काढताना जो ड्रायव्हर परत येऊन म्हणतो 'ब्रेक पेडल खाली जातंय, मी ही गाडी काढत नाही', तो. त्या दिवशी त्याचा बीट राहतो, नगरसेवकाचा फोन येतो, मुकादम शिव्या घालतो, आणि लॉगबुकात दिसतं काय तर 'गाडी ऑफरोड', म्हणजे बंद. रेकॉर्ड बघाल तर त्याचा तो वाईट दिवस. पण खरं तर त्या दिवशी त्याने कुणाचा तरी जीव वाचवलेला असू शकतो, आणि कुणाचा ते त्यालाही माहीत नसतं. आपल्या कामाची पंचाईतच ही आहे की जे घडलं नाही त्याचं बिल फाडता येत नाही.

मग पुरावा कुठून आणायचा, तर जॉबकार्डं, म्हणजे कुठली गाडी कशासाठी आली आणि कुणी काम केलं त्याचे कागद, काढून बसा, कंटाळवाणं काम आहे पण एक रविवार घाला त्यात. एकच गाडी त्याच तक्रारीसाठी महिन्याभरात परत आली का, आणि आली तर आधी कुणी काम केलं होतं. फिटर ओळखायला याच्यापेक्षा सोपी खूण नाही, ज्याच्या हातची गाडी परत येत नाही तो चांगला फिटर, मग तो बोलायला कितीही खडूस असो. ड्रायव्हरचं लॉगबुक बघताना किलोमीटरचा रकाना सोडा आणि शेऱ्याचा बघा. बहुतेकांचा वर्षभर कोरा असतो. एखाद्याचा भरलेला असतो, 'सेल्फ उशिरा घेतो', 'डाव्या पाठीमागच्या चाकाला गरम वास', 'एअर टँकमधून पाणी जास्त येतंय'. हा माणूस तुमचे हजारो रुपये वाचवतोय. गरम वासावर बेअरिंग बदललं तर अर्ध्या दिवसाचं काम, नाही बदललं तर हब गेलं, क्रेन आली, रस्ता जाम, पेपरात फोटो.

एक किस्सा सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, सुरू झाले आणि आमच्याकडे त्या गाड्या आल्या ते माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी. कॉम्पॅक्टरला डॅशबोर्डवर दिवा लागायचा आणि गाडी ताकदच घ्यायची नाही. सायलेन्सरच्या लाइनमधल्या फिल्टरमध्ये काजळी साठते, ती जळायला धूर चांगला गरम व्हावा लागतो, आणि गल्लीत दहा फुटांवर थांबणाऱ्या गाडीचा धूर तेवढा तापतच नाही. प्रत्येक वेळी कंपनीच्या माणसाला बोलवायचं, तो लॅपटॉप लावणार, गाडी दोन दिवस पडून. आमचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन, बारावी नापास, त्याने त्या कंपनीच्या माणसाच्या मागे मागे फिरून समजून घेतलं आणि ड्रायव्हरांना सांगायला लागला की डंपिंगला गाडी खाली केली की परत येताना मोकळ्या रस्त्याला एका स्पीडने जरा वेळ चालवा, आणि दिवा लागला की दुर्लक्ष न करता उभ्या उभ्या काजळी जाळायचं बटण कधी दाबायचं तेही. शिवाय धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी कुठलंही सुट्टं भरू नका म्हणून स्टोअरवाल्याशी भांडला. लॅपटॉपवाल्याचं येणं बरंच कमी झालं. त्याला बक्षीस मिळालं का? नाही, कारण मी शिफारस केली तेव्हा वरून विचारलं गेलं की याचं शिक्षण काय. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी एक या युनियनचा आणि एक त्या युनियनचा असा पुरस्कार देतात, पुढच्या वर्षी कुणाचा नंबर हे आधीच माहीत असतं. याला काही अर्थ आहे का?

अर्थ आहे, भांडणं होत नाहीत! पण त्याला पुरस्कार म्हणू नका, तो रेशनच्या रांगेत लागलेला नंबर आहे. बंद करायला जाल तर दोन्हीकडून मार खाल, म्हणून एवढीच अट घाला की सर्टिफिकेटवर नावाखाली तीन ओळी लिहायच्या, याने नेमकं काय केलं, कुठल्या गाडीवर, कधी. 'कर्तव्यदक्ष, प्रामाणिक आणि मनमिळाऊ' चालणार नाही, ते आम्ही निरोपाच्या भाषणात सगळ्यांनाच म्हणतो. तीन ओळी सुचत नसतील तर नंबर लावणाऱ्यालाच लाज वाटेल, निदान दुसऱ्या वर्षी तरी.

प्रश्न : माझे बाबा महापालिकेच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहेत, दोन महिन्यांनी रिटायर होतायत. ३३ वर्षांत एकही पुरस्कार नाही. त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला पाण्याचा टँकर मध्यंतरी भंगारात काढला तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. त्यांच्यासाठी काही करता येईल का?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. टँकरचं आधी सांगतो, त्यात बाबांच्या कामाला कुणी कमी लेखलेलं नाही. १ एप्रिल २०२३ पासून नियमच आलाय की सरकारी, महापालिकेच्या गाडीला १५ वर्षं झाली की तिचं रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही, मग ती बाबांनी घड्याळासारखी ठेवलेली असो की कुणी खटारा केलेली असो. नियम वय बघतो, तब्येत बघत नाही. हे त्यांना माहीत असणार, पण तरी एकदा सांगा.

आता पुरस्काराचं. राज्याच्या कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार असतो, पण त्यात नोकरीतल्या पान्यापेक्षा माणसाने बाहेर केलेलं सामाजिक, सांस्कृतिक काम जास्त बघतात, भजनी मंडळ, रक्तदान, नाटक, असं, आणि तो कामगार कल्याण निधी भरणाऱ्या आस्थापनांसाठी असतो. बाबांच्या जून नाहीतर डिसेंबरच्या पगारपत्रकावर ती कपात दिसते का बघा. दोन महिन्यांत मात्र ते जमणं अवघड, उगाच आशा लावत नाही.

जमण्यासारखं आहे ते सेवापुस्तक. निवृत्तीच्या आधी त्याची तपासणी होतेच, तेव्हा बाबांना ते उघडून बघायला सांगा. आमच्या लोकांच्या सेवापुस्तकात शिक्षा लाल शाईने चढते, एक दिवसाचा बिनपगारी सुद्धा चढतो, पण पुराच्या वेळी छातीएवढ्या पाण्यात पंप चालू केला ते कुठेच नसतं. कधीतरी प्रशंसेचं पत्र मिळालेलं असेल, आयुक्तांचं, वॉर्ड ऑफिसरचं, तर त्याची नोंद घेतली आहे का ते बघा आणि नसेल तर साधा अर्ज करा, पत्राची झेरॉक्स जोडून, आणि पोच घ्या. पत्रच नसेल तर ज्या इंजिनिअरच्या हाताखाली त्यांनी जास्त काळ काढला त्याला भेटा, रिटायर झालेला असला तरी चालेल, आणि त्याच्याकडून अर्धं पान लिहून घ्या. आणि एक, त्या टँकरच्या लॉगबुकाचं एखादं पान, बाबांची सही असलेलं, कार्यालयाकडून कॉपी मागून घ्या. फ्रेम करा. निरोप समारंभात शाल श्रीफळ तर सगळ्यांना मिळतं.

प्रश्न : मी फायर ब्रिगेडच्या गाड्या रिपेअर करतो. जवानांना पदक मिळतं, यंत्रचालकांनाही मिळतं, मिळायलाच पाहिजे, पण पंप चालू ठेवणाऱ्याचं काय?

राष्ट्रपतींची अग्निशमन पदकं २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होतात, ती फायर सर्व्हिसच्या लोकांची, आणि त्या लोकांचा मान मोठाच आहे, १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाच्या स्फोटात ६६ फायरमन गेले, म्हणून तर १४ तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. वर्कशॉपवाला त्या यादीत सहसा दिसत नाही. पण सप्ताह तुमच्याच शहरात, तुमच्याच स्टेशनात होतो ना, तिथे गाड्या धुऊन रांगेत लावतात, शाळेची पोरं येतात, शिडी उघडून दाखवतात. स्टेशन ऑफिसरला म्हणा, पोरांना पंप दाखवायला या वेळी फिटरला उभं करा. तुमच्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही की प्रायमिंग म्हणजे काय आणि सकाळच्या हजेरीला पंप रोज का चालवून बघतात.

प्रश्न : मी ठेकेदाराकडून घंटागाडी चालवतो. सात वर्षं झाली, एक ओरखडासुद्धा नाही. पुरस्कार फक्त कायम लोकांना. आमचं काय?

दादा, तुमचं दुखणं पुरस्काराच्या आधीचं आहे. पगार तारखेला होतो का, पीएफ खरंच भरला जातो का (मोबाईलवर पासबुक दिसतं, दर महिन्याला बघत जा), ईएसआय आहे का, पावसाळ्यात रेनकोट मिळतो का. हे नसताना कुणी ट्रॉफी दिली तर ती घरी नेऊन बायकोला दाखवायची सुद्धा पंचाईत.

तरी एक गोष्ट मागून घ्या. ठेका बदलला की नवा ठेकेदार येतो आणि तुमची सात वर्षं शून्य होतात, नव्याला काय माहीत तुम्ही कोण. म्हणून तुमच्या वॉर्डाच्या आरोग्य निरीक्षकाकडून नाहीतर सहायक आयुक्तांकडून लेटरहेडवर लिहून घ्या की हा चालक अमुक तारखेपासून या बीटवर आहे आणि त्याच्याकडून अपघात नाही. चार ओळी, सही, शिक्का. कायम माणसाला सर्टिफिकेट भिंतीवर लावायला लागतं, तुम्हाला ते पुढच्या नोकरीला लागणार आहे. मागायला लाजू नका, नाही म्हणाले तर परत महिन्याने जा.

प्रश्न : पुरस्कार द्यायचाय, बजेट फार नाही. काय द्यावं? ट्रॉफी आणि शाल सोडून सुचवा.

फिटरला चांगल्या कंपनीचा पान्यांचा सेट द्या, त्याच्या स्वतःच्या नावाचा, स्टोअरच्या स्टॉकला न चढवता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडतात तेव्हा तो सेट तो सगळ्यात पुढे ठेवेल, बघा तुम्ही. ड्रायव्हरला एक महिना आवडीची शिफ्ट निवडू द्या, फुकट आहे आणि त्याच्यासाठी लोक जीव टाकतात. स्टोअरकीपर आणि टायरमनला विसरू नका, त्यांना मी तरी एकदाही स्टेजवर बघितलेलं नाही.

आणि कार्यक्रम अकरा वाजता सभागृहात ठेवू नका. तेव्हा निम्मे ड्रायव्हर डंपिंगला असतात आणि रात्रपाळीवाले झोपलेले, टाळ्या वाजवायला नुसता ऑफिस स्टाफ. सकाळी पावणेसहाला गेटवर करा, सगळ्या गाड्या निघायच्या आधी, दहा मिनिटांत आटपतं. चहा मात्र कॅन्टीनचा नको, बाहेरून मागवा.