आजीचे लुगडे, नातवाचे लंगोट

प्रश्न : माझ्या मुलीचे पहिले बाळंतपण श्रावणात आमच्याकडे चिपळूणला होणार आहे. दुकानातला तयार संच घ्यावा, की झबली-टोपडी घरीच शिवावीत? किती कपडे पुरतील? आधी कपडे आणू नयेत, असे माझ्या जाऊबाईंचे म्हणणे आहे.

उत्तर : जाऊबाईंचा मान राखूनही तुम्हाला तयारी करता येईल. जन्माआधी नवे कपडे आणायचे नाहीत आणि पहिले झबले नात्यातल्या एखाद्या धडधाकट मुलाचे, वापरलेले घालायचे, ही पद्धत अनेक घरांत आहे. त्यामागच्या समजुतीबद्दल मी बोलणार नाही, पण कापडाच्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे. कोऱ्या कापडात खळ असते, रंगाचा आणि प्रक्रियेचा अंश असतो, तर वीस-पंचवीस वेळा धुतलेले सुती कापड मऊ झालेले असते आणि पाणीही चटकन टिपते. तेव्हा जुनी झबली मागून आणा; जी शिवायची असतील त्यांचे मलमलीचे कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच कापा, म्हणजे खळ निघून जाईल आणि कापड आटायचे तेवढे कापण्याआधीच आटेल.

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर असतो आणि छातीचा त्याहून सुमारे 2 सेंटिमीटर कमी. म्हणजे अंगात बेताचे बसणारे, डोक्यावरून घालायचे झबले हमखास अडकते आणि मान न धरणाऱ्या बाळाला घालताना आई आणि बाळ दोघेही रडकुंडीला येतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांसाठी पुढून पूर्ण उघडणारे, बंदाचे झबले शिवावे. घेर 50 सेंटिमीटर आणि उंची 28 सेंटिमीटर ठेवलीत, तर ते थोडे ढगळ होईल, आणि ढगळच हवे. बंद कापडाचेच, आखूड आणि छातीच्या बाजूला असावेत. गळ्याभोवती नाडी ओवू नये. शिवणीची जाड कड बाहेरच्या बाजूला ठेवली तर ती बाळाच्या काखेत घासत नाही.

झबली आठ-दहा पुरतात. लंगोटांचे गणित मात्र निराळे आहे. तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट सहज लागतात आणि कोकणातल्या श्रावणात धुतलेले कापड वाळायला दोन दोन दिवस लागतात. तेव्हा छत्तीसपेक्षा कमी ठेवू नका. उन्हाची वाट न पाहता ते घरात वाऱ्याला वाळवा आणि घालण्यापूर्वी गरम इस्त्री फिरवा, कारण दमट कापडाने मांड्यांत पुरळ उठते. दुकानातला संच घ्याच, पण एकच घ्या. बाळाचे वजन पाचेक महिन्यांत दुप्पट होते. कौतुकाने आणलेले सहा संच घडी न मोडताच लहान होतात.

प्रश्न : सासूबाई गेल्यावर त्यांची पाच नऊवारी लुगडी माझ्याकडे आली. नेसणारे घरात कोणी नाही. नातीसाठी त्यांचे काय करता येईल? कात्री लावायला हात होत नाही. (सोलापूर)

उत्तर : हात होत नाही हे मी समजू शकते. पाचांपैकी एक, जे त्यांच्या अंगावर तुम्हाला सर्वांत जास्त आठवते, ते तसेच घडी करून ठेवा आणि उरलेल्या चारांचा विचार करा.

आधी कापडाची खात्री करून घ्या, कारण सुती समजून घेतलेल्या अनेक लुगड्यांत कृत्रिम धागा मिसळलेला असतो. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखा वास सोडत जळते आणि त्याची भुसभुशीत राख होते. पॉलिस्टर वितळते आणि टोकाला कठीण मणी तयार होतो. ज्याचा मणी होईल त्याच्या पिशव्या शिवा, बाळाच्या अंगाला ते लावू नका.

नऊवारी लुगडे साधारण 8.2 मीटर लांब असते. त्याचा पन्हा 114 सेंटिमीटर असला, तर 57 सेंटिमीटरचे चौरस पाडल्यावर 28 लंगोट निघतात. प्रत्यक्षात तेवढे निघत नाहीत, कारण काष्ट्याचा भाग बहुधा विरलेला असतो. कापड उजेडासमोर धरा. जिथून आरपार उजेड दिसतो तो भाग बाजूला काढा. काठ आणि पदर लंगोटात घेऊ नयेत. काठ कडक असतो आणि जरीचा असेल तर टोचतो.

काठ-पदराचे मोल गोधडीत आहे. पाळण्यातल्या गोधडीसाठी 75 बाय 100 सेंटिमीटरचे तीन थर पुरेत. मधल्या थरात विरलेला, पण न फाटलेला भाग जातो, वरच्या थराला पदर आणि चारी बाजूंनी काठ. थर सपाट जमिनीवर अंथरून आधी लांब टाक्यांनी कच्चे करून घ्या, मग कडेकडून सुरू करून आत आत जाणारे धावदोऱ्याचे चौकोन घाला. सगळ्या गाठी दोन थरांच्या मध्ये लपवा. लोंबता दोरा सोडू नका. तो बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. मोज्यांच्या आतले सुटे धागेही याच कारणासाठी रोज पाहावेत. पहिल्या वर्षात ही गोधडी अंगाखाली, ताणून घातलेली असावी. झोपलेल्या बाळाच्या तोंडापर्यंत येईल अशी पांघरायला घालू नये.

प्रश्न : मोठ्या मुलाचे तान्हेपणीचे कपडे मी सात वर्षे डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवले आहेत. आता धाकट्या बहिणीच्या बाळाला द्यायचे आहेत. एकदा धुतले की चालतील ना? (नागपूर)

उत्तर : नवजात बाळासाठी हे कपडे देऊ नका. अनेक डांबरगोळ्या नॅप्थॅलीनच्या असतात. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मतः कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थॅलीनच्या वाफेने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळाकडे पाहून ओळखता येत नाही आणि एका धुण्याने वास पुरता जातोच असे नाही. बहिणीला तसे स्पष्ट सांगा. तिला वाईट वाटणार नाही.

खरी गंमत अशी, की या गोळ्यांची गरजच नव्हती. कापड खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या लोकर आणि रेशीम खातात. स्वच्छ सुताला त्या सहसा लागत नाहीत. कसर येते ती खळीसाठी, डागांसाठी आणि दमटपणामुळे. म्हणून सुती कपडे ठेवताना खळ करू नये, इस्त्रीनंतर पूर्ण गार होऊ द्यावेत, जुन्या धुवट पंचात बांधावेत आणि वर्षातून एकदा, दिवाळीआधीच्या उन्हात, उलगडून वाळवावेत.

प्रश्न : दुधाचे, तेलाचे आणि हळदीचे डाग जात नाहीत. (नाशिक)

उत्तर : दुधाचा डाग गरम पाण्यात घालू नका; त्यातले प्रथिन कापडातच गोठते. आधी गार पाणी, मग साबण. मालिशच्या तेलावर कोरडे डाळीचे पीठ अर्धा तास चोळून झटकावे आणि नंतर कोमट पाण्यात धुवावे. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो म्हणून घाबरू नये. धुऊन ओले कापड कडक उन्हात टाकावे, दोन-तीन उन्हांत तो विटतो. लंगोटांना सुवासिक मऊकारी द्रव वापरू नये, त्याने कापडाची पाणी टिपण्याची शक्ती कमी होते.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीचे फ्रॉक आणि परकर सहा महिन्यांत आखूड होतात. शिंप्याला काय सांगावे? (बेळगाव)

उत्तर : शिवणीत माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, जास्त सोडायला सांगा. शिंप्यांच्या भाषेतला हा शब्द मला फार आवडतो. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे 3 सेंटिमीटर माया, परकराच्या घेराला आतून 8 सेंटिमीटरची दुमड आणि तिच्या वर दोन आडवे टक, एवढे असले की परकर दोन वर्षे चालतो. टक उसवल्यावर जुन्या शिवणीची फिकट रेघ दिसते. तिच्यावर लेस किंवा खणाची पट्टी लावावी. पोलक्याला मात्र असे करता येत नाही, कारण ते बाहीच्या मुंढ्यात आधी तंग होते. तिथे काखेत चौकोनी तुकडा जोडून घ्यावा. तो तुकडा त्याच कापडाचा हवा असेल, तर शिंप्याकडून उरलेल्या चिंध्या आजच मागून ठेवा.