जेंटूमध्ये मेकऑप्ट्स आणि इमर्जचे जॉब्ज यांचे आकडे किती ठेवावेत?

जेंटू या लिनक्समध्ये पॅकेजेस आपल्याच मशीनवर सोर्समधून कंपाइल होतात. इमर्ज ही ते काम करणारी आज्ञा, आणि मेकऑप्ट्स हे त्या कंपाइलचं एक सेटिंग. तुमची अडचण थोडक्यात अशी: १६ थ्रेडचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, मेकऑप्ट्समध्ये -जे१६ आणि इमर्जला --जॉब्ज=४. बाकी अपडेट सुरळीत होतं, पण क्यूटीवेबइंजिन हे वेबपानं दाखवणारं मोठं पॅकेज बनताना मशीन गोठतं आणि शेवटी ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’ म्हणून बिल्ड कोसळतो.

तुमचा प्रोसेसर पुरेसा आहे, कमी पडतेय ती रॅम. त्या ओळीवरून कंपायलर बिघडलाय असं समजू नका. मेमरी संपली की कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस उडवतो, आणि बिल्ड चालू असताना ती बहुतेक वेळा सीसी१प्लसच, म्हणजे सी++ चा कंपायलरच, असते. कर्नलचे संदेश दाखवणारी डीमेसेज आज्ञा चालवून पाहा, ‘आउट ऑफ मेमरी’ची नोंद मिळेल.

आता ही वेळ का आली ते बघू. मेकऑप्ट्समधला -जे एका पॅकेजच्या आत किती प्रोसेस एकदम चालतील ते ठरवतो. इमर्जचा --जॉब्ज एका वेळी किती पॅकेजेस बनतील ते ठरवतो. तुमच्या मांडणीत एकाला दुसऱ्याची खबर नाही, त्यामुळे त्यांचा गुणाकार होतो: ४ गुणिले १६, म्हणजे वाईटात वाईट वेळी ६४ कंपायलर. आणि मेकऑप्ट्स फक्त मेक या बिल्ड साधनापुरतं नाही. निंजा आणि कार्गो ही दुसरी साधनं वापरणारी पॅकेजेससुद्धा पोर्टेजमध्ये (जेंटूच्या पॅकेज मॅनेजरमध्ये) आपला आकडा तिथूनच घेतात.

जेंटूचं हँडबुक दर जॉबमागे २ जीबी रॅम धरायला सांगतं. थ्रेडची संख्या आणि रॅम भागिले २, यातला लहान आकडा घ्यायचा. तुमच्याकडे तो ८ येतो. त्यातून डेस्कटॉप आणि उघडा ब्राउझर यांचं वजा करा. साध्या सी फाइलला २ जीबीच्या जवळपासही काही लागत नाही, म्हणून तुमचं एरवी सगळं निभावून जातं. पण क्यूटीवेबइंजिनच्या पोटात क्रोमियम हे ब्राउझरचं इंजिन आहे. तिथली टेम्प्लेटने ठासून भरलेली सी++ फाइल आणि शेवटचं लिंकिंग, दोन्ही मेमरी खातात. सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरच्या पर्यायांत) -जी ठेवून डीबग माहिती मागितली असेल तर विचारूच नका.

मी तुमच्या जागी पोर्टेजच्या मेक.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये हे ठेवेन (इथे देवनागरीत लिहिलंय, फाइलमध्ये अर्थातच मूळ रोमन अक्षरांत जाईल):

मेकऑप्ट्स="-जे६ -एल१४"
इमर्ज_डिफॉल्ट_ऑप्ट्स="--जॉब्ज=२ --लोड-ॲव्हरेज=१४"

दोन पॅकेजेस मिळून वाईटात वाईट वेळी १२ कंपायलर होतील, पण साध्या फाइल्सना २ जीबी लागत नसल्यामुळे ते निभावतं; जड पॅकेजचं पुढे सांगतो. --जॉब्ज पूर्ण काढून टाकू नका. कॉन्फिगर स्क्रिप्ट एकाच कोअरवर रांगत चालते, आणि पायथन-पर्लच्या छोट्या पॅकेजेसमध्ये समांतर करण्यासारखं फारसं काही नसतंच. अशा वेळी दुसरं पॅकेज सोबत बनत असलं की रिकामे कोअर कामाला लागतात. -एल आणि --लोड-ॲव्हरेज हे मशीनवरचा लोड १४ च्या वर गेला की नवं काम रोखणारे लगाम आहेत, पण त्यांच्यावर विसंबून राहू नका. लोड हा सरासरीचा आकडा, तो चढेपर्यंत प्रोसेस सुरू झालेल्या असतात. शिवाय रॅम किती उरली हे तो सांगतच नाही.

आता जड पॅकेजचं. त्याच्या एकट्यासाठी सगळ्या सिस्टीमचा वेग कमी करणं मला पटत नाही, आणि पोर्टेजमध्ये तशी गरजही नाही. /इटीसी/पोर्टेज/एन्व्ह या डिरेक्टरीत लोमेम.कॉन्फ नावाची फाइल करा आणि तिच्यात एकच ओळ लिहा: मेकऑप्ट्स="-जे३". मग /इटीसी/पोर्टेज/पॅकेज.एन्व्हमध्ये ‘डेव्ह-क्यूटी/क्यूटीवेबइंजिन लोमेम.कॉन्फ’ अशी नोंद करा. यापुढे तेवढं पॅकेज ३ प्रोसेसवर बनेल, बाकीची ६ वर.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. --जॉब्ज हा इमर्जचा पर्याय आहे, तो पॅकेज.एन्व्हमधून बदलता येत नाही. म्हणजे क्यूटीवेबइंजिन ३ वर चालू असताना शेजारी दुसरं पॅकेज ६ वर सुरू होऊ शकतं. म्हणून मोठं पॅकेज यादीत दिसलं की ते आधी वेगळं उरकून घ्या: इमर्ज --वनशॉट --जॉब्ज=१ आणि पुढे पॅकेजचं नाव.

/व्हार/टीएमपी/पोर्टेज ही बिल्डची डिरेक्टरी तुम्ही टीएमपीएफएसवर (रॅममध्येच राहणाऱ्या फाइल सिस्टीमवर) ठेवलीय का, तेही तपासा. ते असेल तर उलगडलेला सोर्स आणि ऑब्जेक्ट फाइल्स त्याच १६ जीबीत राहतात, आणि वरचं सगळं गणित कोलमडतं. पोर्टेज_टीएमपीडीआयआर डिस्कवरच्या डिरेक्टरीकडे वळवणारी ओळ त्याच लोमेम.कॉन्फमध्ये घाला.

डिसेंबर २०२३ पासून जेंटू अधिकृत बायनरी पॅकेजेसही देतं. यूझ फ्लॅग (पॅकेजमधल्या सोयी चालू-बंद करणारे पर्याय) जुळत असतील तर --गेटबिनपीकेजीने हे एवढं मोठं पॅकेज तयारच उतरवून घ्या. त्यात कमीपणा काही नाही, वीज आणि वेळ दोन्ही वाचतात.

कधी कधी -जे कमी केल्यावर बिल्ड पार पडतो, पण कारण मेमरी नसतं. लॉगमध्ये ‘किल्ड’ऐवजी ‘नो सच फाइल’ असेल, म्हणजे पार्सर.एच सापडत नाही असं काही, तर दोष मेकफाइलचा आहे. बायसन हे पार्सर बनवणारं साधन पार्सर.वाय वरून ती हेडर बनवतं, पण मेन.ओ तिच्यावर अवलंबून आहे हे मेकफाइलमध्ये लिहायचं राहून गेलेलं असतं. -जे१ ला क्रम योगायोगाने बरोबर लागतो, समांतर चालवलं की मेन.सी आधी कंपाइल व्हायला जातं आणि हेडर तयारच नसते. असं दिसलं तर गुपचूप -जे१ लावून पुढे जाऊ नका. जेंटूच्या बगझिलावर (दोष नोंदवायच्या साइटवर) नोंद करा, सोबत पूर्ण बिल्ड.लॉग आणि ‘इमर्ज --इन्फो’चं आउटपुट जोडा.