वाचकांचे प्रश्न : पॉइंट ठरला, पण जायचं किती वाजता?

प्रश्न : नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दार्जिलिंगला जातोय. टायगर हिलवरून एव्हरेस्ट खरंच दिसतो का? पहाटे किती वाजता निघावं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हवा स्वच्छ असली तर दिसतो, पण ओळखता आला पाहिजे. तो तिथून सुमारे १७० किलोमीटर दूर, वायव्येला आहे. अलीकडचा मकालू जवळ असल्यामुळे जास्त उंच वाटतो आणि बहुतेकांची बोटं त्याच्याकडेच वळतात. मकालूच्या शेजारून डोकावणारं लहानसं टोक म्हणजे एव्हरेस्ट. तेवढ्यासाठी मात्र जाऊ नका. टायगर हिलला जायचं ते कांचनजंगासाठी.

देशभर घड्याळ एकच असलं तरी सूर्य एक नाही. दार्जिलिंग इतकं पूर्वेला आहे की त्या आठवड्यात तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, मुंबईच्या जवळजवळ तासभर आधी. टायगर हिल दार्जिलिंग गावापासून ११ किलोमीटरवर. चारला निघा, पाचपर्यंत वर पोहोचा. वर जाणाऱ्या गाड्यांवर मर्यादा घातलेली असू शकते, म्हणून गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

वर पोहोचल्यावर सगळी गर्दी पूर्वेकडे तोंड करून उभी दिसेल. तुम्ही उत्तरेचा कठडा धरा. ८,५८६ मीटर उंचीच्या शिखराला सूर्य आपल्या आधी दिसतो. त्यामुळे पूर्वेला अजून नुसतं तांबडं फुटलेलं असताना कांचनजंगाचं टोक लालसर होतं, मग केशरी, मग सोनेरी. सूर्य चांगला वर आला की पांढरं. सगळा खेळ काही मिनिटांचा. मोबाइलच्या साध्या लेन्सनं शिखरं बारीक येतात, वाइडनं तर आणखी बारीक. तिप्पट झूम असेल तर तो वापरा. उजाडल्यावर उतारांवर ऊन पडतं, दरीतली दमट हवा वर चढते आणि आठ-नऊच्या सुमाराला शिखरं ढगात जातात. एका पहाटेवर भिस्त ठेवू नका, किमान दोन हाताशी ठेवा. टोपी, हातमोजे हवेतच. एका जागी तासभर उभं राहायचं असतं.

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत कन्याकुमारीला सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही समुद्रात दिसतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सूर्योदय दिसेल, सूर्यास्त नाही. मेमध्ये सूर्य वायव्येकडे सरकलेला असतो आणि त्या बाजूला जमीन आहे. दोन्ही समुद्रात हवे असतील तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. विवेकानंद शिलास्मारकाच्या बोटी सकाळी आठच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे सूर्योदय किनाऱ्यावरूनच पाहायचा.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र पाहायचं आहे. नेमकं कधी जावं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : इंद्रवज्र म्हणजे धुक्यावर आपल्या सावलीभोवती दिसणारं रंगीत वर्तुळ. हमी कोणीच देऊ शकत नाही, पण तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात : पाठीमागे उघडं ऊन, समोर दरीत धुकं आणि सूर्य फार वर न आलेला. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून हे सकाळीच जमतं. संध्याकाळी सूर्य समोर येतो. कड्यावर ऊन आल्यापासूनचा पहिला तास-दीड तास सोडू नका. सूर्य चढत जातो तसं ते वर्तुळ दरीत खाली खाली सरकतं आणि लोक ते बघायला कड्याबाहेर वाकतात. अपघात होतो तो इथेच. तिथला कातळ पावसाळ्यात शेवाळानं बुळबुळीत असतो आणि कडा आत वळलेला आहे. काठाखाली काही नाही. पालथं झोपून, मागे कोणाला तरी पाय धरायला लावूनच पाहा.

वर्तुळाच्या मधोमध आपलीच सावली असते, कडेला बाहेर लाल आणि आत निळसर. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याचं स्वतःचं वर्तुळ दिसतं, म्हणून “माझ्या डोक्याभोवती आहे, तुझ्या नाही” हा वाद घालू नये. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी या कड्यावरच्या अशा वर्तुळाची नोंद १८३५ मध्ये छापली होती.

पावसाची उघडीप असलेले ऑगस्ट ते ऑक्टोबरचे दिवस बरे. पाचनईची वाट सर्वांत सोपी, दोन-तीन तासांची. सकाळी कड्यावर असायचं तर वर मुक्काम किंवा पहाटे अंधारातच चढाई. मुक्कामाला परवानगी आहे का, ते पाचनईत आधी विचारा.

प्रश्न : आईवडील सत्तरीचे. महाबळेश्वरला एकच दिवस आहे. कोणते पॉइंट घ्यावेत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चारच घ्या, पण उन्हाची बाजू बघून. पहाटे विल्सन पॉइंट. गावाजवळ आहे आणि गाडी वरपर्यंत जाते. नाश्ता करून क्षेत्र महाबळेश्वर आणि तिथून पुढे आर्थर सीट. ती पश्चिमेला उघडते, म्हणून ऊन पाठीशी असेपर्यंत, साडेअकराच्या आत. दुपारनंतर सावित्रीची दरी नुसती पांढुरकी दिसते. पायऱ्या उतरून पुढे जायचा आग्रह वडीलधाऱ्यांना करू नका, वरूनही दरी दिसते. केट्स पॉइंटला तीननंतर जा. तो पूर्वेकडे बघतो, सकाळी डोळ्यांवर ऊन येतं. शेवटी बॉम्बे पॉइंटला सूर्यास्त. तिथे पाऊण तास आधी पोहोचा. शनिवार-रविवारी वेण्णा तलावापाशी गाड्या अडकतात आणि केट्सहून येताना तोच रस्ता आहे. जून ते सप्टेंबर यातलं काहीही धुक्यात जाऊ शकतं, तेव्हा आईवडिलांना घेऊन जायला नोव्हेंबर-डिसेंबरच बरा.