वाचकांचे प्रश्न : पडद्यावरून बातमी सांगणाऱ्यांचे काम

दूरचित्रवाणीवरील वृत्तनिवेदकांच्या कामाविषयी काही विचारायचे असल्यास लिहा, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. मी काही वर्षे एका हिंदी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या लिहिणाऱ्या विभागात, आणि नंतर तिच्याच स्टुडिओत काम केले असल्याने उत्तरे लिहिण्याचे काम संपादकांनी माझ्याकडे सोपवले आहे.

माझी मुलगी यंदा बारावीत आहे. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की ती आरशासमोर उभी राहून तशाच बातम्या देते. तिला अँकरच व्हायचे आहे. आमच्या घरात सगळे बँकेत नाहीतर शाळेत नोकरीला, त्यामुळे कोणाला विचारावे हेही कळत नाही. तिने काय शिकावे? दिसण्याला किती महत्त्व असते?
– एक आई, सुदामानगर, इंदूर

ताई, मुलीला आरशासमोरून उठवू नका. फक्त ती जी वाक्ये म्हणते ती कोणी लिहिली असतील, हे तिला एकदा विचारा. पडद्यावरचा चेहरा हा बातमीचा शेवटचा मुक्काम असतो. त्याआधी वार्ताहराने घटनास्थळावरून माहिती आणि चित्रण पाठवलेले असते, बाहेरून येणारी माहिती सांभाळणाऱ्या इनपुट विभागाने ते तपासलेले असते, डेस्कवर कोणीतरी त्याची चार-पाच वाक्ये केलेली असतात, आणि रनडाउन म्हणजे बातम्यांची क्रमवार यादी सांभाळणाऱ्या प्रोड्यूसरने कोणती बातमी आधी, कोणती नंतर आणि कोणती किती सेकंदांची, हे ठरवलेले असते. ज्यांनी हे टप्पे स्वतःच्या हातांनी केले आहेत, त्यांच्या तोंडची बातमी वेगळी लागते, कारण त्यांना शब्दांच्या मागचे प्रकरण माहीत असते.

पहिले बुलेटिन हाती येण्यापूर्वी मी तीन वर्षे डेस्कवर होते आणि पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्ट्या लिहीत होते. ती वर्षे तेव्हा फुकट गेल्यासारखी वाटत होती. स्टुडिओतल्या माझ्या दुसऱ्याच आठवड्यात एका बस अपघाताची बातमी देताना प्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्यापुढच्या काचेवर मजकूर दाखवणारे यंत्र, अडकला आणि मागच्या वाक्याचे अर्धे शेपूट तेवढे काचेवर दिसत राहिले. मेजावर कागद होते, पण त्यांतले योग्य पान सापडेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. सुदैवाने ती बातमी दुपारी मीच लिहिलेली होती. बस कोठून निघाली, घाट कोठे लागतो, जखमींना कोणत्या गावी नेले, हे मला ठाऊक होते आणि म्हणून मी बोलत राहू शकले. त्या दिवशी डेस्कच्या तीन वर्षांचे मोल कळले.

सुरेंद्र प्रताप सिंह यांचे उदाहरण तुमच्या मुलीला जरूर सांगा. १९९५ मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर ‘आज तक’ हे छोटे बातमीपत्र सुरू झाले आणि हिंदी प्रदेशात घराघरांत पाहिले जाऊ लागले. ते सादर करणारे एस. पी. सिंह मुळात ‘रविवार’ साप्ताहिकाचे आणि पुढे ‘नवभारत टाइम्स’मधले छापील पत्रकार होते. पडद्यावर ते जेमतेम दोन वर्षे दिसले, कारण जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. पण लोकांना समजेल अशा साध्या हिंदीत बातमी सांगण्याचा जो पायंडा त्यांनी पाडला, त्यामागे लेखणीची दीर्घ तयारी होती.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगते. पदवी कोणत्याही विषयाची चालते. इतिहास, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र असेल तर पुढे पदोपदी उपयोगी पडते. पत्रकारितेचे शिक्षण इंदुरातच देवी अहिल्या विश्वविद्यालयात मिळते, भोपाळला माखनलाल चतुर्वेदी विश्वविद्यालय आहे, आणि दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ पासून हे काम करते आहे. मराठीतून शिकायचे असेल तर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटचा विचार करावा. ‘तीन महिन्यांत अँकर व्हा’ अशा जाहिराती करणाऱ्या वर्गांत पैसे भरण्यापूर्वी तेथे बातमी लिहायला शिकवतात का, एवढेच विचारा. उत्तर नकारार्थी आले तर सरळ घरी या.

राहिला दिसण्याचा प्रश्न. दिसण्याला महत्त्व नाही असे मी लिहिले तर ते खोटे ठरेल. कॅमेरा चाचणी होते आणि तीत चेहरा पाहिलाच जातो. मला याहून अधिक खटकते ते असे, की केस पांढरे झालेले पुरुष स्टुडिओत सन्मानाने बसतात आणि त्याच वयाच्या बाईला हळूच पडद्यामागच्या कामावर पाठवले जाते. हे मी जवळून पाहिले आहे आणि ते अन्यायाचे आहे असेच माझे मत आहे. म्हणूनच मुलीच्या हातात चेहऱ्याखेरीज दुसरे कसब असावे, असे मी आग्रहाने सांगते.

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी मराठी बोलतो, बाहेर सगळा व्यवहार हिंदीत. वृत्तनिवेदनासाठी हिंदी वाहिनीकडे जावे की मराठी? मुंबई-पुण्याचे लोक आमच्या इंदुरी मराठीला हसतात, म्हणून धीर होत नाही.
– एक विद्यार्थी, रामबाग, इंदूर

तुमचे पत्र वाचून मला माझीच पहिली मुलाखत आठवली, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबेल.

दोन भाषा अंगवळणी पडलेल्या असणे हे तुमचे भांडवल आहे, पण त्या एकमेकींत कोठे मिसळतात हे तुम्हाला नेमके कळले पाहिजे. उच्चारांपासून सुरुवात करा. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चंद्र’ आणि ‘चित्र’ यांतला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून म्हटलेला, आहे, तर ‘चोर’, ‘चूक’, ‘चाक’ यांतला च दातांजवळून येतो. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द लिहिताना सारखे असले तरी बोलताना वेगळे असतात. हिंदीत हा दुसरा उच्चार नाही, आणि इंदुरात वाढलेल्या आपल्या मुलांच्या तोंडी ‘चूक’ आणि ‘चांगला’ हळूहळू हिंदी वळणाचे होतात. ‘ज्ञ’चेही तसेच आहे, मराठीत आपण ‘विज्ञान’ म्हणताना द-न-य यांचा जोड ऐकू येतो, हिंदीत त्याचे ‘विग्यान’ होते. उलट हिंदी बातम्या देताना आपले मराठीपण ‘पैसा’ आणि ‘और’ या साध्या शब्दांत उघडे पडते, कारण आपण तेथे ‘अइ’ आणि ‘अउ’ स्पष्ट उच्चारतो. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, असलेले ‘ज़मीन’ आणि ‘फ़ैसला’ तर वेगळे घोटावेच लागतात. माझ्याकडून ‘पइसा’ काढून टाकायला आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना दोन महिने लागले होते.

उच्चारांपेक्षा मोठा धोका दोन्ही भाषांत दिसायला सारख्या आणि अर्थाने निराळ्या असलेल्या शब्दांचा आहे, आणि बातमीच्या क्षेत्रात तर हेच शब्द रोज येतात. हिंदीतले ‘संविधान संशोधन’ म्हणजे आपली घटनादुरुस्ती; मराठी श्रोत्याला ‘संशोधन’ म्हटले की प्रयोगशाळा आठवते. हिंदीत ‘राज़ीनामा’ म्हणजे दोन पक्षांत झालेली तडजोड, आणि मराठीत मंत्र्याने राजीनामा दिला म्हणजे त्याने पद सोडले. हिंदी ‘आपत्ति’ ही हरकत असू शकते, मराठी आपत्ती ही पुराची किंवा भूकंपाची असते. ‘विरोधी पक्षाने आपत्ती नोंदवली’ असे वाक्य घाईत बाहेर पडले तर ऐकणाऱ्याने काय समजावे? ‘शिक्षा मंत्री’ हा शब्द तर लहान मुलांनाही हसवतो. एक वही करा, असे शब्द दोन रकान्यांत लिहीत जा. शंभर शब्द जमतील तोवर तुम्ही निम्मे वृत्तनिवेदक झालेले असाल.

हिंदी की मराठी, हा निर्णय मात्र तुमचाच. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ (आताची ‘एबीपी माझा’) सुरू झाल्यापासून मराठीत चोवीस तास बातम्यांचे काम उभे राहिले आहे, आणि तेथे तुमचे हिंदी ही अडचण ठरत नाही, उलट मुलाखतींच्या वेळी कामाला येते. हिंदीकडे वळावेसे वाटले तर संकोच करू नका. याच शहरात ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादकपद राहुल बारपुते यांनी भूषवले. त्यांची मातृभाषा मराठी होती, आणि राजेंद्र माथुर व प्रभाष जोशी यांच्यासारखे हिंदीतले मोठे संपादक त्यांच्या सहवासात घडले. आपल्या मराठीला कोणी हसले तर त्यांना हसू द्या, पण ते कोणत्या शब्दाला हसले ते तेवढे टिपून ठेवा.

पूर्वी बातम्या देणारी मंडळी शांतपणे बातम्या वाचत आणि उठून जात. आता अँकर ओरडतात, पाहुण्यांना बोलू देत नाहीत. पूर्वीचे ते लोक आणि आताचे हे, यांच्या कामातच फरक आहे का?
– एक निवृत्त शिक्षक, लोकमान्यनगर, इंदूर

काका, फरक कामातच आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शनचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले, १९६५ मध्ये रोजचे प्रसारण आणि त्याबरोबर बातमीपत्र आले. प्रतिमा पुरी या सुरुवातीच्या वृत्तनिवेदिका. त्या काळी बातमी दुसरे कोणी लिहीत असे आणि निवेदकाने ती नीट वाचायची असे. चर्चा घडवणे, प्रश्न विचारणे ही त्यांची जबाबदारी नव्हती.

पण ‘नुसते वाचणे’ किती अवघड असू शकते, हे ३१ ऑक्टोबर १९८४ च्या संध्याकाळी दिसले. इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी दूरदर्शनवरून सलमा सुलतान यांनी दिली. केसांत गुलाब माळणाऱ्या आणि नीटस साडीतल्या या निवेदिका सुमारे तीन दशके दूरदर्शनच्या पडद्यावर होत्या. त्या संध्याकाळी आमच्या वाड्यातली बारा-पंधरा माणसे एकाच टीव्हीसमोर बसली होती, आणि आवाज न चढवता, न फोडता त्यांनी ती बातमी पूर्ण केली, हे मला लख्ख आठवते.

मुंबई दूरदर्शन इंदुरात दिसत नसे. सुट्टीत पुण्याला आत्याकडे गेले की प्रदीप भिडे यांच्या आवाजातल्या मराठी बातम्या ऐकायला मिळत, आणि वाक्याचा शेवट न गिळता बोलणे म्हणजे काय, हे मला त्यांच्यामुळे कळले. २०२२ मध्ये ते गेले. १९७२ साली सुरू झालेल्या त्या केंद्राने सुरुवातीच्या काळात भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांच्याकडूनही बातम्या वाचून घेतल्या होत्या.

आजच्या अँकरला वाचण्याबरोबर चालू घटनेवर तासन्‌तास बोलावे लागते, वार्ताहराला फोनवर प्रश्न विचारावे लागतात, आणि रात्री चार-सहा पाहुण्यांची चर्चा चालवावी लागते. चर्चेला वार्तांकनापेक्षा खर्च कमी येतो. गावोगावी वार्ताहर आणि कॅमेरे पाठवण्यापेक्षा चार माणसे चार चौकटींत बसवणे स्वस्त पडते, आणि भांडण झाले की प्रेक्षक रिमोट खाली ठेवतो. ओरडण्यामागे हा हिशेब आहे. त्याने अँकरचा दोष कमी होत नाही. पाहुण्याला वाक्य पूर्ण करू देणे हे यजमानाचे पहिले कर्तव्य आहे, आणि जो ते पाळत नाही त्याने या खुर्चीत बसू नये, असे मला मनापासून वाटते.

अँकर खाली न बघता इतके सगळे पाठ कसे म्हणतात?
– इयत्ता आठवी, देवास

ते खाली बघत नाहीत, हे तू अगदी बरोबर हेरलेस. पण ते पाठ म्हणत नाहीत, प्रॉम्प्टरवरून वाचतात. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एक काच तिरकी बसवलेली असते आणि तिच्याखाली आडवा पडदा असतो. त्या पडद्यावर अक्षरे उलटी, आरशात दिसतात तशी असतात. काचेत त्यांचे प्रतिबिंब सुलटे होते. अँकरला अक्षरे दिसतात, आणि काचेच्या मागे असलेल्या भिंगाला फक्त अँकर दिसतो. घरी एक काच, एक फोन आणि वडिलांची मदत घेऊन तू हे करून पाहा, काचेच्या कडा तेवढ्या सांभाळ.

माझी सून नोएडाला वृत्तवाहिनीत अँकर आहे. फोन केला तर दोन शब्द बोलते आणि ठेवते. सुट्टीत घरी आली तरी पहिले दोन दिवस गप्पच असते. टीव्हीवर एवढे बोलणारी मुलगी आमच्याशी बोलत नाही, याचे वाईट वाटते. आमचे काही चुकते का?
– एक सासूबाई, तिलकनगर, इंदूर

आई, तुमचे काही चुकत नाही, आणि बहुधा तिचेही नाही. ती बोलत असते तेव्हा तिच्या कानात काय चाललेले असते, ते सांगते. तिच्या कानाच्या मापाचे एक छोटे यंत्र कानात घातलेले असते आणि त्यातून नियंत्रण कक्षातला प्रोड्यूसर सतत बोलत असतो. ‘तीस सेकंद’, ‘पाहुण्याचा संपर्क तुटला, दुसऱ्याकडे जा’, ‘नाव घेऊ नका, अजून खात्री नाही’, ‘ब्रेक’, अशी वाक्ये तिच्या स्वतःच्या वाक्यांच्या मधोमध कानावर आदळत असतात, आणि तिने चेहऱ्यावरची रेघही न हलवता आपले वाक्य पूर्ण करायचे असते. सकाळच्या पाळीला असेल तर ती तीनला उठते, चारला गाडी येते, मग मेकअप, मग कागद. त्यात बातम्या कोणत्या असतात ते तुम्ही पाहताच. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख तोंडून निसटली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली तो गुन्हा होतो, हे भानही तिला त्याच वेळी ठेवायचे असते. पाच-सहा तास असे काढल्यावर माणसाचा आवाज नको होतो, अगदी आवडत्या माणसाचासुद्धा. माझ्या सासूबाई पहिल्या वर्षी माझ्यावर रागावल्या होत्या; नंतर त्या मी आल्यावर फक्त ताट वाढून समोर बसत आणि भाजी निवडत राहत. तासाभराने मीच बोलायला लागत असे.

तिच्या पाळीची वेळ विचारून घ्या आणि बुलेटिन संपल्यावर तासभर जाऊ द्या, मग फोन करा. त्या दिवशीच्या बातमीविषयी काही विचारू नका. तुळशीला मंजिऱ्या आल्या, शेजारच्यांनी गेट रंगवले, असे काहीतरी सांगा.